अ‍ॅप प्रसिद्ध करण्याआधी ते वापरणाऱ्यांपुढे ठेवून पाहावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात कोथरूडमध्ये आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात एक प्रशिक्षण शिबिर झाले. एका सार्वजनिक सेवेने नागरिकांसाठी काढलेले मोबाइल अ‍ॅप कसे वापरावे, हे शिकवण्यासाठी ते भरवले होते. चाळीसेक ज्येष्ठ मंडळी वेळेआधी येऊन बसली होती, अनेकांनी वही आणि पेन आणले होते आणि शिकवायला आलेली दोन्ही तरुण मुले मनापासून मेहनत घेत होती. तरीही दोन तासांनंतर स्वतःच्या हाताने एक तक्रार पूर्ण नोंदवता आली ती सात-आठ जणांनाच. बाकीच्यांचे फोन त्या मुलांनी आपल्या हातात घेतले, भराभर बोटे फिरवली आणि "झालं बघा, काका" म्हणून परत दिले. माझ्या शेजारी बसलेल्या काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षे त्यांनी लोकांचे हिशेब सांभाळले. उठताना त्या मला म्हणाल्या, "आता आमच्या डोक्यात नाही गं शिरत हे."

त्यांच्या डोक्यात काहीही उणे नाही, हे ठामपणे सांगता यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. संगणकाचे आणि फोनचे पडदे सामान्य माणसाला वापरता येतात की नाही, हे त्या माणसाच्या शेजारी बसून तपासणे, हे माझे गेल्या एकवीस वर्षांचे काम आहे. आमच्या व्यवसायात याला युजेबिलिटी टेस्ट म्हणतात. मराठीत वापरसुलभतेची चाचणी म्हणता येईल. त्या शिबिरात मला जे दिसले, ते एका मोठ्या चाचणीत दिसावे असेच होते. मात्र ते दिसले अ‍ॅप प्रसिद्ध झाल्यावर, आणि ते टिपून घेण्यासाठी तेथे कोणीही नव्हते. कोणत्या पडद्यावर किती जण अडले, कोणता शब्द वाचून त्यांनी गोंधळून वर पाहिले, कोणते बटण त्यांना दिसलेच नाही, ही सगळी माहिती त्या सभागृहातच विरून गेली.

सार्वजनिक पैशातून तयार होणाऱ्या अ‍ॅपची किंवा संकेतस्थळाची तपासणी होतच नाही, असे नाही. निविदेत सुरक्षेचे ऑडिट असते, एकाच वेळी हजारो लोक आले तर यंत्रणा टिकेल का हे पाहणारी लोड टेस्ट असते आणि शेवटी युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग, म्हणजे सर्वजण ज्याला यूएटी म्हणतात, ते असते. या नावातल्या ‘युजर’ शब्दामुळे मोठा गैरसमज रुजला आहे. यूएटीला बसतात ते बहुतेक वेळा संबंधित खात्याचे कर्मचारी. त्यांच्या हातात मागण्यांची यादी असते. अर्ज भरता येतो का, पावती निघते का, अहवालात आकडा उमटतो का, असे एकेक कलम पाहून ते समोर खूण करतात आणि खाली सही करतात. ठेकेदाराने ठरलेले काम केले की नाही हे त्यातून कळते, आणि ते कळायलाच हवे. पण ज्यांना खात्याची कामपद्धत आणि तिचे सगळे शब्द तोंडपाठ आहेत, त्यांनी अर्ज भरून दाखवला म्हणजे हडपसरच्या रिक्षाचालकाला किंवा भवानी पेठेत शिवणकाम करणाऱ्या ताईंना तो भरता येईल, असे मानायला काहीही आधार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की यूएटीवरची सही वापरसुलभतेच्या चाचणीच्या जागी चालवून घेऊ नये आणि नागरिकांसाठीच्या प्रत्येक अ‍ॅपच्या निविदेत ही दुसरी चाचणी स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत लिहिली जावी.

हेतू चांगला असला की रचना आपोआप सोयीची होते, अशी एक समजूत अधिकाऱ्यांमध्ये आणि अभियंत्यांमध्येही आढळते. या समजुतीची किती किंमत मोजावी लागते, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीचे आहे. फ्लोरिडा राज्यातील पाम बीच काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, ज्येष्ठ मतदार बरेच, म्हणून त्यांना नीट वाचता यावे यासाठी मतपत्रिकेवरील अक्षर मोठे करण्यात आले. अक्षर मोठे झाल्यावर उमेदवारांची नावे एका पानावर मावेनात. ती समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली गेली आणि मत देण्यासाठी छिद्रे पाडण्याची जागा मधोमध एकाच उभ्या ओळीत आली. डाव्या पानावर दुसरे नाव अल गोर यांचे होते, पण मधल्या ओळीतील दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे होते. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मते मिळाली, राज्यातील इतर कोणत्याही काउंटीपेक्षा कितीतरी अधिक; आणि एकाहून अधिक छिद्रे पाडल्यामुळे १९ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. संपूर्ण राज्याचा, आणि त्याबरोबर देशाचा, निकाल ५३७ मतांनी गोर यांच्या विरोधात लागला. ज्यांच्या सोयीसाठी अक्षर मोठे केले, त्या वयाच्या आठ-दहा मतदारांच्या हाती ती मतपत्रिका यंत्रात बसवून आधी दिली असती आणि ‘अमुक उमेदवाराला मत द्या’ एवढेच सांगून बाजूला उभे राहिले असते, तर हा घोटाळा एका दुपारी लक्षात आला असता.

चाचणी कशी करावी, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण ‘चार लोकांना अ‍ॅप दाखवून मत विचारले’ यालाच चाचणी म्हटले जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. सुरुवात प्रश्न ठरवण्यापासून करावी लागते. ‘अ‍ॅप लोकांना आवडते का’ हा प्रश्न घेऊन बसले तर हाती काही लागत नाही. आपल्याकडे सन्मानाने बोलावलेला माणूस यजमानाला दुखवत नाही, तो ‘छान आहे’ असेच म्हणतो. प्रश्न असा हवा: ज्याने हे अ‍ॅप पूर्वी पाहिलेले नाही त्याला, कोणाचीही मदत न घेता, मागच्या वर्षीच्या पावतीवरून यंदाचे बिल शोधून भरता येते का, आणि पैसे पोहोचले याची त्याला स्वतःला खात्री वाटते का? प्रश्नाचा हा दुसरा भाग मी आग्रहाने घालते. पैसे गेले की नाही हे न कळल्यामुळे दुसऱ्यांदा भरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याच भीतीने पुन्हा खिडकीपुढच्या रांगेकडे वळलेलेही. वापरसुलभतेची आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात (१९९८, सुधारित २०१८) जी व्याख्या आहे, तीही नेमके हेच सांगते: ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम कितपत पूर्णपणे, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येते. ‘ठरावीक’ हा शब्द तेथे तीनदा येतो, तो उगाच नाही. नुसतेच ‘सोपे’ असे कोणतेही अ‍ॅप नसते. ते कोणासाठी, कोठे आणि कशासाठी सोपे, हे आधी लिहून काढावे लागते.

मग माणसे. पुण्यात येथेच पाय घसरतो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथून संगणक क्षेत्रातील माणूस अर्ध्या तासात मिळतो; कार्यालयातील सहकाऱ्याचा भाऊ, ठेकेदाराच्या कंपनीतील स्वागतिका, शेजारचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी हे तर हाकेच्या अंतरावर असतात. या सर्वांना अ‍ॅप वापरता येते, आणि तेवढ्यावरून ते सर्वांना वापरता येते असा निष्कर्ष निघतो. मी माणसे शोधायला मंडईत, स्वारगेटच्या बसथांब्यावर, वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत आणि ज्येष्ठ नागरिक संघात जाते. पाच-सहा साधे प्रश्न विचारते: फोन स्वतःचा आहे की घरात मिळून एक, शेवटचे पैसे फोनवरून कधी भरले, घरी असे काम आले तर कोण करते. ‘मुलगाच करतो’ असे सांगणारी व्यक्ती मला सर्वांत आधी हवी असते. येणाऱ्याच्या वेळेचे मानधन आधी ठरवावे, ते काम जमो वा न जमो पूर्ण द्यावे आणि आल्याआल्या द्यावे, म्हणजे ‘बरं बोललो तर मिळेल’ ही शंका राहत नाही.

किती माणसे, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो, आणि पाच म्हटले की समोरचा अधिकारी हसतो. लाखो नागरिकांचे शहर आणि पाच माणसे! त्यांचे हसणे मला समजते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे जनमत चाचणी असते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेले गणित असे आहे की एक माणूस सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड करत असेल, तर पाच माणसांपर्यंत सुमारे ८५ टक्के उघड होतात, आणि पुढच्या प्रत्येक माणसागणिक नवे कमी, जुनेच अधिक दिसू लागते. हे गणित देववाक्य मानू नये. लॉरा फॉक्नर यांनी २००३ मध्ये साठ जणांच्या चाचणीतून पाच-पाच जणांचे गट यादृच्छिक पद्धतीने काढून पाहिले, तेव्हा एखाद्या गटाला ९९ टक्के अडचणी सापडल्या आणि एखाद्याला ५५ टक्केच. दहा जणांच्या गटाला मात्र कमीत कमी ८० टक्के सापडल्या. म्हणून मी पाचावर थांबत नाही. पाच जणांनंतर दिसलेले दोष दुरुस्त करून घेते, मग नवे पाच बोलावते. आणि ज्येष्ठ, रोजंदारीवर काम करणारे, नव्याने शहरात आलेले, असे वापरणाऱ्यांचे गट खरोखर वेगळे असतील तर प्रत्येकातून पाच घेते. किती टक्के नागरिकांना अडचण येईल, हे पाच जणांवरून सांगता येत नाही आणि तसे सांगूही नये. पण गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे, हे कळायला गल्लीतल्या सगळ्यांनी त्यात पडावे लागत नाही.

माणसापुढे काम कसे ठेवायचे, यावर चाचणीचे निम्मे यश अवलंबून असते. ‘तक्रार नोंदवा या बटणावर जाऊन पथदिव्याची तक्रार नोंदवा’ असे लिहून दिले की तो माणूस पडद्यावर तेच शब्द शोधतो आणि त्याला ते सापडतात. आपण त्याची वाचनाची परीक्षा घेतलेली असते. त्याऐवजी मी म्हणते, "तुमच्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा चार दिवस बंद आहे. रात्री येता-जाताना त्रास होतो. आता या फोनवरून तुम्ही काय कराल?" यात ना ‘तक्रार’ आहे, ना ‘नोंदवा’. एका चाचणीत पहिल्या तिघांनी ‘विद्युत विभाग’ असा शब्द शोधला नाहीच; ते ‘लाइट’ शोधत राहिले आणि मग ‘इतर’वर गेले. फोन शक्यतो त्यांचाच असावा. कार्यालयातील नव्या कोऱ्या, मोठ्या पडद्याच्या फोनवर सगळे नीट दिसते. ज्येष्ठांच्या फोनवर अक्षर मोठे केलेले असते. तेथे वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, बटणावर ‘तक्रार नों’ एवढेच उरते, आणि कीबोर्ड उघडला की ‘पुढे’ हे बटण त्याच्या मागे दडते. प्रत्यक्ष चाचणीआधी एकदा रंगीत तालीम घ्यावीच. माझ्या तालमीत दर वेळी काही ना काही बिघडते, आणि ते खऱ्या पाहुण्यापुढे बिघडण्यापेक्षा बरे.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. आपल्याकडे ‘टेस्ट’ आणि ‘चाचणी’ या शब्दांनी माणूस आखडतो. त्याला शाळा आठवते. म्हणून हे शब्द मी त्या खोलीत वापरत नाही. "हे अ‍ॅप अजून कच्चं आहे, ते कुठे चुकतंय हे शोधायला तुमची मदत हवी आहे, तुम्ही अडलात तर चूक अ‍ॅपची, आणि ती आम्हाला सापडली म्हणून आमचा फायदा," असे सांगते. काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, अशी विनंती करते. ही पद्धत आयबीएम या संगणक कंपनीतील क्लेटन लुईस यांनी १९८२ च्या सुमारास या क्षेत्रात आणली आणि आजही तिच्यापेक्षा उपयोगी साधन माझ्या हाताशी नाही. पण अनोळखी माणसापुढे स्वतःशी बोलणे कोणालाही अवघड वाटते, म्हणून आधी मी स्वतः टेबलावरच्या घड्याळाचा गजर लावताना बोलून दाखवते: हे बटण कशाचे आहे कळत नाही, बहुतेक तासाचे असावे, नाही, मिनिटे बदलली. त्यानंतर लोक मोकळे होतात.

आणि मग गप्प बसायचे. हे या कामातले सर्वांत कठीण कौशल्य आहे, असे मी इतक्या वर्षांनंतरही म्हणेन. समोर एखादी मावशी एका बटणाभोवती तीन मिनिटे घुटमळत असते, तिच्या कपाळावर घाम येतो आणि आपले सगळे संस्कार सांगत असतात की पुढे होऊन मदत कर. पण घरी तिच्या शेजारी मी नसणार. तिने "हे दाबू का?" असे विचारले की मी विचारते, "दाबलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" तिचे उत्तर मी जसेच्या तसे लिहून घेते, कारण पडद्याविषयी तिच्या मनात काय चित्र तयार झाले आहे ते त्या उत्तरात असते. ती खरोखर अस्वस्थ झाली तर काम तेथेच थांबवते, तिचे आभार मानते आणि ‘पूर्ण झाले नाही’ अशी नोंद करते. सोबत आलेल्या मुलाला किंवा यजमानांना बाहेरच्या खोलीत चहाला बसवावे लागते. नाहीतर प्रश्न बाईंना विचारला तरी उत्तर ते देतात.

अशा शांततेतून काय हाती लागते, याची काही उदाहरणे देते. ही वेगवेगळ्या चाचण्यांतली आहेत आणि ती अ‍ॅप्स कोणाची, हे सांगण्याची गरज नाही. चुकीचा ओटीपी टाकल्यावर पडद्यावर लाल अक्षरांत ‘अवैध ओटीपी’ असे उमटले. घरकाम करणाऱ्या एका ताईंनी फोन खाली ठेवला आणि घाबरून विचारले, "ताई, माझ्याकडून काही बेकायदा झालं का?" इंग्रजीतील ‘इनव्हॅलिड’चे कोशातले भाषांतर बरोबर होते, पण रोजच्या मराठीत अवैध म्हणजे अवैध दारू, अवैध बांधकाम. ‘हा नंबर जुळत नाही, मेसेज पुन्हा पाहा’ एवढे वाक्य पुरले असते. एका रिक्षाचालक दादांनी संपूर्ण अर्ज भरला, ‘जतन करा’ दाबले आणि समाधानाने फोन खिशात ठेवला. त्याखेरीज ‘सादर करा’ असे आणखी एक बटण खाली आहे, हे त्यांना कळण्याचे कारणच नव्हते. त्यांचा अर्ज कधीच कोणाकडे पोहोचला नसता आणि खात्याच्या दप्तरी ‘नागरिकाने प्रक्रिया अपूर्ण ठेवली’ असे दिसले असते. सदाशिव पेठेतल्या एका आजींचे बिल अजून त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होते. अ‍ॅप ‘आपले नाव’ विचारत होते, त्या प्रामाणिकपणे स्वतःचे नाव लिहीत होत्या आणि ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर चार वेळा वाचत होत्या. १९५८ साली जन्मलेल्या एका काकांना जन्मतारीख निवडायची होती. दिनदर्शिका चालू महिन्यावर उघडली. वरच्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवले तर वर्षांची यादी उघडते, हे त्या आकड्याकडे पाहून कोणालाही समजले नसते; काका एकेक महिना मागे जात राहिले. १९५८ पर्यंत पोहोचायला त्यांना आठशेच्या आसपास वेळा तो बाण दाबावा लागला असता. ते २०११ पर्यंत गेले, आणि मला म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय."

हे ‘माझंच चुकतंय’ जवळजवळ प्रत्येक चाचणीत कानावर येते, आणि म्हणूनच अशा अडचणींची तक्रार कधी येत नाही. ज्याला आपलीच चूक वाटते तो तक्रार करत नाही. तो मुलाची वाट पाहतो किंवा पैसे देऊन दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतो. अ‍ॅपबद्दल तक्रारी आल्या नाहीत, हे अ‍ॅप चांगले असल्याचा पुरावा म्हणून मांडले जाते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते.

अभियंत्यांनी हे प्रत्यक्ष पाहावे, असा माझा आग्रह असतो. ते दुसऱ्या खोलीत बसतात, फोनचा पडदा आणि आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतो, आणि बोलायचे नाही एवढा एकच नियम असतो. चाळीस पानांच्या अहवालाने जे होत नाही ते या तासाभरात होते. जन्मतारखेची ती दिनदर्शिका ज्या मुलाने बसवली होती, तो काकांचा प्रयत्न पाहून उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे दिवस, महिना, वर्ष लिहिण्याच्या तीन साध्या चौकटी होत्या. मायक्रोसॉफ्टमधील एका गटाने २००२ मध्ये मांडलेली एक पद्धत अशीच आहे: उघड दिसलेला दोष पुढच्या पाहुण्याच्या आधीच दुरुस्त करायचा आणि दुरुस्ती लागू पडली का, हे त्याच्याकडूनच पाहायचे. वेळापत्रकात चाचणी बसत नाही, असे म्हणणाऱ्या ठेकेदारांना मी ही पद्धत सुचवते.

अहवाल लहान असावा. काय दिसले आणि त्यावरून आपल्याला काय वाटले, हे त्यात वेगळे लिहावे. काम अडवणारे दोष आधी, खटकणारे नंतर. शेवटी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेऊन ‘अ‍ॅपला ७२ गुण’ असे जाहीर करण्याची हल्ली रीत आहे. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ती प्रश्नावली उपयोगी आहे, पण ते गुण म्हणजे टक्के नव्हेत आणि कोणता दोष कोठे आहे हे त्यातून कळत नाही. एका गटाच्या अहवालावर सर्व भार टाकणेही धोक्याचे आहे. डेन्मार्कचे रोल्फ मोलिक यांनी नऊ स्वतंत्र गटांकडून हॉटमेल या एकाच ई-मेल सेवेची चाचणी करून घेतली, तेव्हा नोंदल्या गेलेल्या ३१० अडचणींपैकी तीन-चतुर्थांश अडचणी केवळ एकेकाच गटाला दिसल्या होत्या. ज्याने अ‍ॅप बनवले त्यानेच एकट्याने ते तपासू नये, याचे हे आणखी एक कारण.

दृष्टिहीन व्यक्तींना चाचणीत बोलावणे ही मेहेरबानी समजली जाऊ नये. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१७ पासून लागू आहे आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी फोनमधली सोय, सुरू करून फोन कानाशी धरणाऱ्या एका तरुणाला मुख्य पडद्यावर ओळीने ‘बटण, बटण, बटण’ एवढेच ऐकू आले, कारण चित्रांना कोणी नावेच दिली नव्हती. हा दोष दूर करायला अर्धा दिवस लागला.

खर्चाची अडचण सांगितली जाते, ती मला पटत नाही. लागतात दोन खोल्या, दोन माणसे (एक बोलणारा, एक लिहिणारा), पाच पाहुण्यांचे मानधन आणि चहा. प्रत्येकाला पाऊण तास, मध्ये वीस मिनिटांची उसंत, म्हणजे पाच जणांचा एक दिवस. तयारी आणि अहवाल धरून आठवडा. पडदे तयार होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. कागदावर पेन्सिलीने काढलेले पडदे समोर ठेवून बोटाने ‘दाबायला’ सांगितले, तरी ‘जतन’ आणि ‘सादर’ यांतला गोंधळ त्याच दिवशी कळतो, आणि कागद खोडायला पैसे पडत नाहीत. रेकॉर्डिंग करायचे असेल तर सोप्या मराठीत वाचून दाखवून लेखी संमती घ्यावी, ते कोण पाहणार आणि कधी पुसणार हे सांगावे आणि पाहुण्याचा खरा आधार क्रमांक किंवा बँक खाते त्यात येऊ देऊ नये.

केवळ तक्रार करून थांबू नये म्हणून निविदेत घालता येईल असे एक कलम सुचवते. संबंधित अधिकाऱ्यांनी, नगरसेवकांनी आणि या क्षेत्रातील जाणकारांनी त्यात जरूर सुधारणा कराव्यात: "अ‍ॅप किंवा संकेतस्थळ नागरिकांसाठी खुले करण्यापूर्वी वापरसुलभतेच्या चाचणीच्या किमान तीन फेऱ्या घेण्यात येतील, पहिली कागदी आराखड्यावर, दुसरी अर्धवट तयार झालेल्या अ‍ॅपवर आणि तिसरी अंतिम अ‍ॅपवर. प्रत्येक फेरीत किमान पाच नागरिक असतील. त्यांपैकी कोणीही या खात्याचा किंवा ठेकेदाराचा कर्मचारी अथवा त्यांचा नातेवाईक नसेल, किमान दोन जण साठ वर्षांवरील असतील आणि तीन फेऱ्यांत मिळून किमान दोन दृष्टिहीन व्यक्ती असतील. चाचणी मराठीत आणि शक्यतो नागरिकाच्या स्वतःच्या फोनवर होईल. नागरिकांची निवड आणि चाचणीचे संचालन ठेकेदाराशी संबंध नसलेली व्यक्ती करेल. ठेकेदाराचे अभियंते निरीक्षक म्हणून हजर राहतील. काम पूर्ण होऊ न देणारा कोणताही दोष शिल्लक असेपर्यंत अंतिम देयक दिले जाणार नाही. प्रत्येक फेरीचा अहवाल, सहभागी नागरिकांची ओळख वगळून, पंधरा दिवसांत संकेतस्थळावर प्रसिद्ध केला जाईल."

आमच्या संघातील त्या काकूंना मी हे कलम वाचून दाखवले. त्यांनी ‘साठ वर्षांवरील दोन’ येथे बोट ठेवले आणि पहिल्या फेरीसाठी स्वतःचे नाव लिहून घ्यायला सांगितले.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे